सर्व्हरला स्क्रीन लागते ती दहा मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो. त्यावर फोटोंचा बॅकअप आहे, थोडे सिनेमे आहेत आणि दोन-चार कंटेनर, म्हणजे आपापल्या बंदिस्त चौकटीत चालणारे प्रोग्राम. डबा माळ्यावर ठेवलेला, त्याला कीबोर्ड-मॉनिटर काही जोडलेलं नाही, सगळं काम लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून कमांड देऊन, होतं. पण वर्षातून एकदोनदा हा गडी नेटवर्कवर येतच नाही, आणि तेव्हा स्क्रीनवाचून अडतं. तेवढ्यासाठी सहा-सात हजारांचा नवा मॉनिटर घेणं जिवावर येतं, आणि तो ठेवायला जागाही नाही. मग स्वस्तात काय करायचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. घरात चालू स्थितीतला लॅपटॉप असेल तर एचडीएमआय कॅप्चर डोंगल (सर्व्हरचं चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणणारा छोटा जोड) आणि वायरचा साधा यूएसबी कीबोर्ड घ्या. दोन्ही मिळून पंधराशेच्या आत बसतं आणि एका खोक्यात मावतं. लॅपटॉपवर काही जोडायचंच नसेल तर हॉलमधला टीव्ही आहे, तो तर फुकट. जुना मॉनिटर कुणी फुकट किंवा हजारभरात देत असेल आणि घरात जागा असेल तरच तो घ्या. सर्व्हरवर कायम बसवायचा सात इंची डिस्प्ले वगैरे प्रकार हौसेचे आहेत. गरज म्हणून त्यात पैसे घालू नका.

आता कारणं. असा सर्व्हर बंद पडतो तेव्हा तुम्हाला स्क्रीन कशासाठी लागते ते नीट बघा. लिनक्स चालू आहे आणि नेटवर्क चालू आहे, तोवर स्क्रीनची गरज शून्य. कॉकपिट, वेबमिन, प्रॉक्समॉक्सचं वेब पान ही सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायची साधनंही त्याच जगातली आहेत, नेटवर्क असेल तरच चालणारी. स्क्रीन लागते ती त्याच्या आधीच्या टप्प्यात: बायोस (बोर्डावरचा पहिला प्रोग्राम), ग्रब (लिनक्स सुरू करणारा मेन्यू), कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा सुरू होतानाचे संदेश, आणि नेटवर्क उठायच्या आत काहीतरी अडकलं तर. म्हणजे तुम्हाला मॉनिटर हवा आहे असं नाही, ती दहा मिनिटं चित्र हवं आहे. रंग कसे आहेत, कोन कसा आहे, रिफ्रेश किती, याच्याशी काही देणंघेणं नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं वाचता आली की झालं.

माझ्याकडे ‘सर्व्हर मेला’ म्हणून जे फोन येतात त्यातली कारणं बहुतेक वेळा त्याच त्या तीन-चार जातींची असतात. ती आधी सांगतो, कारण यातली निम्मी टाळता येतात, आणि टाळली की स्क्रीनचा प्रश्नच उरत नाही.

पहिलं कारण म्हणजे मदरबोर्डवरचा बटणसेल. सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. मशीन वर्षानुवर्षं प्लगला लागलेलं असतं तोवर हा सेल मेलेला कळत नाही. एक दिवस लाइट चार तास जाते, इन्व्हर्टर संपतो, आणि लाइट परत आली की बायोस आपली सगळी सेटिंग विसरून ‘एफ१ दाबा’ म्हणून वाट बघत बसतो. दाबणार कोण? कीबोर्डच नाही. काही बोर्ड तर कीबोर्ड नाही म्हणूनच अडून बसतात. त्यावर तोडगा बायोसमध्येच असतो: ‘हॉल्ट ऑन’ नावाच्या सेटिंगमध्ये ‘नो एरर्स’ किंवा ‘कीबोर्ड सोडून बाकी सगळं’ असा पर्याय निवडायचा. शिवाय लाइट परत आल्यावर मशीन आपोआप चालू होईल अशी सेटिंग करून ठेवायची. पण सेल मेला की या दोन्ही सेटिंग पुसल्या जातात. म्हणून जुन्या बोर्डवर सर्व्हर मांडताना पहिल्याच दिवशी नवा सेल घाला. पन्नासच्या आतबाहेरचा खर्च आहे.

दुसरं कारण म्हणजे एफएसटॅब, सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल. हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच कळत नाही. बॅकअपची दुसरी हार्ड डिस्क तुम्ही एफएसटॅबमध्ये नोंदवलेली असते. एक दिवस ती डिस्क मरते, किंवा तुम्हीच ती काढून दुसरीकडे लावता आणि नोंद तशीच राहते. पुढचा रीबूट सहा महिन्यांनी होतो. सिस्टमडी ही लिनक्सच्या सेवा सुरू करणारी यंत्रणा त्या डिस्कची वाट बघते: लाल चांदण्या इकडून तिकडे पळत असतात आणि शेजारी दीड मिनिटाचा काउंटर. दीड मिनिट संपलं की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड मागतं. नेटवर्क अजून उठलेलं नाही, त्यामुळे एसएसएच नाही, पिंगही नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि लॅपटॉपवर नुसतं ‘कनेक्शन टाइम आउट’. त्यात डेबियन टाकताना तुम्ही रूटचा पासवर्ड रिकामा सोडला असेल तर आणखी मजा, कारण मग रूट खातंच कुलूपबंद असतं आणि इमर्जन्सी मोड आत घ्यायलाच नकार देतो. अशा वेळी ग्रबच्या मेन्यूवर ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत बदल करून आत शिरावं लागतं. म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड दोन्ही हवेत. हे सगळं टाळायला त्या दुय्यम डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द घालायचा असतो. तो असला की डिस्क नसली तरी मशीन उठतं. आजच जाऊन घाला.

तिसरं कारण नेटवर्क कार्डाचं नाव. लिनक्स हल्ली ही नावं कार्ड कुठल्या पीसीआय बसवर (बोर्डावर कार्डं जोडायच्या मार्गावर) आहे त्यावरून ठेवतं. तुम्ही एखादी एनव्हीएमई डिस्क (बोर्डात थेट खोचायची एसएसडी) किंवा कुठलंही कार्ड नव्याने खोचलं की बसचे क्रमांक सरकू शकतात, आणि काल ‘ईएनपी३एस०’ असलेलं कार्ड आज ‘ईएनपी४एस०’ होतं. तुमचा स्थिर आयपी पत्ता जुन्या नावाला बांधलेला असतो, त्यामुळे नव्या नावाच्या कार्डाला पत्ताच मिळत नाही. प्रॉक्समॉक्सवाल्यांना हा अनुभव हमखास येतो. यातला विनोद असा की काही जण स्क्रीनवर चित्र यावं म्हणून तात्पुरतं ग्राफिक्स कार्ड खोचतात, आणि त्या कार्डामुळेच नेटवर्कचं नाव बदलतं. मूळ बिघाड दुरुस्त होतो आणि नवा तयार. कार्डाचं नाव त्याच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कारखान्यातून मिळालेल्या ओळख क्रमांकाला, बांधून टाकलं की ही भानगड मिटते.

डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर चौथं कारण आपोआप तयार होतं, दर रीबूटला पासवर्ड टाकावा लागतो. त्यासाठी मात्र स्क्रीन विकत घेऊ नका. ड्रॉपबेअर नावाचा छोटा एसएसएच सर्व्हर इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे डिस्क उघडायच्या आधी मेमरीत चालणाऱ्या छोट्या लिनक्समध्ये, बसवता येतो. मशीन पूर्ण उठायच्या आधीच तो तुम्हाला आत घेतो आणि पासवर्ड विचारतो. डेबियन आणि उबुंटूत त्याचं तयार पॅकेज आहे.

हे सगळं केल्यावरही जो प्रसंग येईल त्यासाठी आता चित्राची सोय बघू.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण दर दुसरा माणूस हे विचारतो. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असतो, सर्व्हरलाही असतो, मग दोघांमध्ये केबल टाकली तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर सर्व्हर दिसेल ना? नाही दिसणार. लॅपटॉपचा तो पोर्ट बाहेर चित्र पाठवण्यासाठी आहे, आत घेण्यासाठी नाही. अगदी मोजके अपवाद सोडले तर आत घ्यायची सोय लॅपटॉपमध्ये नसते. कॅप्चर डोंगल हीच उणीव भरून काढतं. एका बाजूला एचडीएमआयचं भोक, दुसऱ्या बाजूला यूएसबी, आकार पेनड्राइव्हपेक्षा थोडा मोठा. ऑनलाइन पाचशे ते हजारात मिळतं. स्वस्तातल्या बहुतेकांच्या पोटात मॅक्रोसिलिकॉन कंपनीची एमएस२१०९ ही चिप किंवा तिचीच भावंडं असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४के’ लिहिलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. लॅपटॉपकडे जातं ते १०८० रेषांचं, सेकंदाला ३० फ्रेमचं दाबलेलं चित्र. यूएसबी ३ ची खूण मानला जाणारा निळा रंगही बऱ्याचदा नुसता रंगच असतो. आपल्या कामाला हे सगळं पुरून उरतं.

याची खरी गंमत अशी की लॅपटॉपला हे डोंगल वेबकॅम वाटतं. ड्रायव्हर लागत नाही. विंडोजवर नेहमीचं कॅमेरा ॲप उघडा, आधी स्वतःचाच चेहरा दिसेल, मग कॅमेरा बदलायचं बटण दाबा की सर्व्हरची स्क्रीन समोर. मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये नवीन मूव्ही रेकॉर्डिंग निवडून तिथे स्रोत बदलायचा. लिनक्सवर व्हीएलसी, एफएफप्ले, ओबीएस यातलं हाताशी असेल ते. अँड्रॉइड फोनला ओटीजी (यूएसबी उपकरण जोडायची सोय) असेल तर यूएसबी कॅमेरा दाखवणारं एखादं ॲप टाकून फोनवरही चित्र येतं. माळ्यावर चढून एका हाताने काम करायचं असेल तर ते लॅपटॉपपेक्षा सोयीचं, फक्त फोनची बॅटरी भरभर उतरते आणि डोंगल कोमट होतं. टाइप-सी पोर्ट असलेले आयपॅडही आयपॅडओएस १७ पासून असं चित्र घेतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, डोंगल फक्त चित्र आणतं, टायपिंग पाठवत नाही. कीबोर्ड सर्व्हरलाच लावायचा, आणि तो वायरचाच घ्या. ब्लूटूथ कीबोर्ड बायोसमध्ये चालत नाही, कारण त्याची जोडणी ऑपरेटिंग सिस्टम उठल्यावर होते. छोट्या यूएसबी रिसीव्हरवाला बिनतारी कीबोर्ड सहसा चालतो, पण तीन-चारशेचा वायरवाला असताना तो धोका कशाला? दोन, चित्र किंचित उशिरा येतं. टायपिंग करताना ते जाणवतं पण काम अडत नाही. बायोसमध्ये शिरताना मात्र स्क्रीनवर सूचना दिसायची वाट बघू नका. पॉवर बटण दाबल्या क्षणापासून डिलीट किंवा एफ२, तुमच्या बोर्डाची जी काही कळ असेल ती, टकटक दाबत राहा. डोंगलला सिग्नल पकडायला एखाद-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सूचना येऊन गेलेली असते.

टीव्हीच्या बाबतीत हीच अडचण जास्त मोठी. बरेच टीव्ही सिग्नल बदलला की चार-पाच सेकंद काळे होतात, मशीन सुरू होताना रिझोल्यूशन दोन-तीनदा बदलतं, आणि तुम्हाला चित्र दिसतं ते थेट लॉगिनचं. म्हणून तिथेही कळ आंधळेपणाने दाबत राहायची. आणखी एक खोड सांगतो. टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतो. सिनेमा बघताना ते कळत नाही, पण लिनक्सच्या कन्सोलवर टाइप करायची ओळ असते सगळ्यात खाली, आणि नेमकी तीच कापली जाते. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो लावा. व्हीजीए पोर्ट असलेल्या काही टीव्हींना बायोसचा जुना ७२० बाय ४०० चा टेक्स्ट मोड झेपत नाही, ते सरळ ‘मोड सपोर्टेड नाही’ म्हणतात. तेवढं सोडलं तर टीव्हीसारखी फुकट सोय नाही. सर्व्हर रीतसर बंद करा, उचलून हॉलमध्ये आणा, काम करा, परत ठेवा. रीतसर बंद करणं महत्त्वाचं, फिरत्या डिस्क असलेलं मशीन चालू असताना हलवायचं नाही. घरच्यांची मालिका चालू असेल तर मात्र हा उपाय रात्री दहानंतरच उपलब्ध असतो, हे गृहीत धरा.

सीसीटीव्ही असलेल्या घरात किंवा दुकानात डीव्हीआरला एक छोटा मॉनिटर आधीच लावलेला असतो, आणि त्याला बहुतेकदा एखादा इनपुट मोकळा असतो. घरातला हा मॉनिटर लोक हमखास विसरतात.

आता मशीनच्या मागच्या बाजूला बघा, कारण डोंगल घ्यायचं की आणखी काही, ते तिथे ठरतं. एचडीएमआय असेल तर प्रश्नच नाही. ऑफिसातून निघालेल्या छोट्या डेल, एचपी, लेनोवो मशीनवर बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो. तिथे डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल चालते. निळा पंधरा पिनांचा व्हीजीए असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो, आणि इथे फसायला होतं. दुकानात सहज मिळतो तो एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा. तुम्हाला हवा आहे उलटा, व्हीजीएमधून एचडीएमआय करणारा. दिसायला दोघे भाऊ-भाऊ, पण उलटा लावून चालत नाही. बरोबर असेल त्याला व्हीजीएची नर बाजू असते आणि वीज घ्यायला यूएसबीची शेपटी असते. चारपाचशे रुपये. ही भर पडल्यावर डोंगलचा स्वस्तपणा थोडा कमी होतो, आणि अशा जुन्या मशीनला जुना व्हीजीए मॉनिटर सोयीचा पडतो.

आणि मागे व्हिडिओ पोर्ट असूनही काहीच येत नसेल तर प्रोसेसरचं नाव तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे त्यांत ग्राफिक्स नसतं. रायझनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ७००० मालिकेच्या आधी ज्यांच्या नावात ‘जी’ नाही त्यांतही नसतं. रायझन ५ ३६०० घरोघरी आहे, त्यातही नाही. अशा मशीनवर बोर्डावरचा एचडीएमआय निव्वळ शोभेचा. तिथे कुठलंही डोंगल, कुठलाही मॉनिटर काही दाखवणार नाही, आधी ग्राफिक्स कार्ड हवं. जुनं जीटी ७१० सारखं कार्ड पुरतं, १९ वॉटचं आहे, त्याला वेगळी पॉवर वायर लागत नाही. त्याहून जुनी कार्डं घेताना सांभाळून. त्यांतल्या बऱ्याच कार्डांना यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, कळत नाही, आणि बोर्डावर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीची सोय, बंद असेल तर स्क्रीन काळीच राहते. कार्ड आधीच लावलेलं असेल तर केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नाही.

जुना मॉनिटर घ्यायचाच तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत, पुण्यात सेकंडहँड संगणकवाल्यांकडे, किंवा ऑफिस रिकामं करणाऱ्यांकडून सतरा इंची चौकोनी एलसीडी मिळतात. भाव माणूस बघून सांगितला जातो, हजारावर फार जाऊ नका. तिथेच चालू करून दहा मिनिटं ठेवा. जुन्या पॅनेलची बॅकलाइट सुरुवातीला ठीक दिसते आणि गरम झाली की लाल पडते किंवा विझते. बटणं दाबून बघा, इनपुट बदलायचं बटणच मेलेलं असतं बऱ्याचदा. पॉवर केबल सोबत मागून घ्या. आणि घरी आल्यावर त्याचा प्लग काढून ठेवा, स्टँडबायवर वर्षभर ठेवायचं काही कारण नाही.

सात इंची एचडीएमआय डिस्प्लेबद्दल बऱ्याच जणांना आकर्षण असतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी ते बरे आहेत. पण अडीच-तीन हजार घालून १०२४ बाय ६०० च्या स्क्रीनवर बायोसची अक्षरं डोळे बारीक करून वाचायची, यात मला काही हशील दिसत नाही. मेलेल्या लॅपटॉपचं पॅनेल काढून त्याला कंट्रोलर बोर्ड लावण्याचा उद्योग त्याहून बरा, पण पॅनेलचा नेमका मॉडेल क्रमांक बघूनच बोर्ड मागवावा लागतो. हाताला चाळा म्हणून करायचं तर करा.

सिरियल कन्सोल, म्हणजे सिरियल पोर्टमधून नुसता मजकूर देणं-घेणं, हा जुन्या जाणत्यांचा आवडता उपाय, आणि मलाही मनापासून आवडतो. बऱ्याच मदरबोर्डवर ‘कॉम’ लिहिलेला दोन ओळींचा, एक पिन गायब असलेला हेडर असतो. त्याला नऊ पिनांचा ब्रॅकेट, पुढे नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी), पुढे यूएसबी-सिरियल केबल आणि लॅपटॉपवर टर्मिनल. ग्रबला आणि कर्नलला सांगायचं की कन्सोल ‘टीटीवायएस०’ वर, वेग १,१५,२००. यात चित्रच नाही, नुसता मजकूर, त्यामुळे संदेश कॉपी करून शोधता येतात, कीबोर्डही वेगळा लागत नाही. उणीव एवढीच की घरगुती बोर्डवर बायोस सिरियलवर दिसत नाही, ती सोय सर्व्हर बोर्डवर असते. म्हणजे वरचं सेलचं दुखणं यातून सुटणार नाही, एफएसटॅबचं मात्र अगदी आरामात सुटेल. एक सावधगिरी: आर्डुइनोसाठी मिळतात ते ३.३ किंवा ५ व्होल्टचे टीटीएल ॲडॉप्टर या हेडरला थेट लावू नका. आरएस-२३२ वर उणे-अधिक दहा-बारा व्होल्ट असतात, ॲडॉप्टर जळतो.

इथवर सगळं मशीन तुमच्याच घरात आहे असं धरून चाललं होतं. ते गावच्या घरी असेल आणि तुम्ही पुण्यात किंवा दुबईत, तर हिशोब बदलतो. फोनवर वडिलांना ‘बाबा, मागचा निळा प्लग… नाही, त्याच्या बाजूचा’ असं सांगत बसण्यापेक्षा आयपी केव्हीएमवर, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड नेटवर्कवरून देणाऱ्या डब्यावर, पैसे घालणं परवडतं. सिपीडचं नॅनोकेव्हीएम, जेटकेव्हीएम, किंवा रास्पबेरी पायवर उभं केलेलं पायकेव्हीएम ही त्यातली चालती नावं. सर्व्हरचं एचडीएमआय त्यात जातं, त्याची यूएसबी सर्व्हरला कीबोर्ड-माउस म्हणून दिसते, आणि तुम्ही ब्राउझरमधून थेट बायोससुद्धा बघता. आयएसओ फाइल पेनड्राइव्ह असल्यासारखी जोडून नवी ऑपरेटिंग सिस्टमही टाकता येते. काहींची वायर पॉवर बटणाच्या पिनांना लावून मशीन चालू-बंदही करता येतं. किंमत काही हजारांत जाते, म्हणून घरातल्या मशीनसाठी मी ते सुचवत नाही.

पण हा डबा इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून तर मुळीच नाही. ज्याला केव्हीएम मिळाला त्याला मशीनसमोरची खुर्ची मिळाली, त्याच्यापुढे तुमचे एसएसएचचे कडक नियम काही कामाचे नाहीत. वायरगार्ड किंवा टेलस्केल या व्हीपीएनमागे ठेवा, आणि सुरुवातीचा पासवर्ड बदला.

केव्हीएम घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा, कदाचित पैसे वाचतील. तुमचा सर्व्हर ऑफिसातून निघालेला ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क किंवा थिंकसेंटर असेल आणि त्यात व्हीप्रो (इंटेलचा ऑफिस मशीनसाठीचा संच) असलेला आय५ किंवा आय७ असेल, तर इंटेल एएमटी, म्हणजे मशीन दुरून चालवायची सोय, त्यात आधीच बसलेलं आहे. मशीन चालू होताना कंट्रोल-पी दाबून, किंवा बूट मेन्यूतून, त्याच्या सेटिंगमध्ये जाता येतं. सुरुवातीचा पासवर्ड ‘ॲडमिन’ असतो, आधीच्या ऑफिसने बदलला नसेल तर. एकदा चालू केलं की मेशसेंट्रलसारख्या मोफत साधनातून स्क्रीन, कीबोर्ड, पॉवर सगळं दुरून मिळतं, मशीन बंद असलं तरी. अट एवढीच की वायरचं नेटवर्क हवं. काही मशीनवर मॉनिटर नसेल तर चित्र येत नाही, तिथे दोन-तीनशेचा एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचा डमी प्लग लावायचा, म्हणजे मशीनला मॉनिटर असल्याचा भास होतो. एएमटी ऑपरेटिंग सिस्टमच्या खाली चालतं, त्यामुळे त्याच मशीनवर टाकलेलं टेलस्केल इथे उपयोगाचं नाही. गावच्या घरात दुसरं काहीतरी, एखादा रास्पबेरी पाय किंवा व्हीपीएन चालणारा राउटर, चालू हवा. आणि फर्मवेअर अद्ययावत करा. मे २०१७ मध्ये एएमटीत असं भोक जाहीर झालं होतं की पासवर्डऐवजी रिकामं उत्तर पाठवलं तरी आत जाता येत होतं. सेकंडहँड बाजारातली कितीतरी मशीनं त्याच काळातली आहेत.

ज्यांनी अजून सर्व्हर घेतलाच नाही त्यांनी स्क्रीन फुटकी नसलेला जुना लॅपटॉपच सर्व्हर करावा, असं माझं मत आहे. स्क्रीन, कीबोर्ड आणि लाइट गेल्यावरची तासभराची सोय, तिन्ही आपोआप येतात. झाकण मिटल्यावर झोपू नये एवढी सेटिंग लॉगिनडीच्या (लिनक्सच्या लॉगिन सेवेच्या) फाइलमध्ये करायची. बॅटरी मात्र कायम शंभर टक्क्यांवर ठेवली की फुगते, म्हणून चार्जिंगची मर्यादा ऐंशीवर बांधता येत असेल तर बांधा, आणि फुगलेली दिसली तर लगेच काढून ई-कचऱ्यात द्या.

तुमच्या मशीनला एचडीएमआय आहे आणि घरात लॅपटॉप आहे असं धरून तुमच्यासाठी यादी एवढीच: डोंगल, दीड मीटरची एचडीएमआय केबल, वायरचा कीबोर्ड आणि एक सीआर२०३२. हे सगळं आलं की बिघाडाची वाट न बघता येत्या सुट्टीच्या दिवशी सर्व्हर रीबूट करून एकदा बायोसपर्यंत जाऊन या, आणि त्याच फेरीत ‘हॉल्ट ऑन’ची सेटिंग करून टाका. डोंगलवर बायोसचं चित्र येत नसेल तर ते परत करायची मुदत संपायच्या आत कळलेलं बरं.